दहाव्या मिनिटाला काका उठतात

पत्र थोडक्यात असं आहे. टिळकवाडी, बेळगावच्या एक ताई. नाव छापू नका म्हणाल्यात. नर्स आहेत, नऊ वर्षं इंग्लंडात होत्या. तिथे एका मैत्रिणीच्या नादाने क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या लोकांच्या, गप्प बसून करायच्या रविवारच्या मीटिंगला जायला लागल्या आणि रमल्या. सासूबाईंच्या आजारपणासाठी परत आल्या आणि दोन वर्षांपूर्वी माडीवरच्या खोलीत दर रविवारी साडेआठ ते साडेनऊ मौनाची बैठक सुरू केली. नऊ-दहा जण येतात. दोघं मेथडिस्ट चर्चमधले, एक रिटायर्ड बँकवाले, एक कॉलेजची मुलगी, एक कन्नड बोलणारं जोडपं, अधूनमधून येणारे दोघं-तिघं, आणि एक माळकरी काका, वय ७४, रिटायर्ड मास्तर. काका दर रविवारी दहा मिनिटं झाली की उठून उभे राहतात आणि वीस-पंचवीस मिनिटं बोलतात. आधी वारलेल्या काकूंबद्दल बोलायचे, हल्ली सीमाप्रश्नावर, गाडी १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं तिथून निघते आणि ८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनावर थांबते. कन्नड जोडपं दीड महिना झाला आलेलं नाही. मुलगी म्हणते यापेक्षा गच्चीवर हेडफोन लावून बसेन. बँकवाले म्हणतात मत घ्या आणि काकांना बंद करा. मेथडिस्ट बाई म्हणतात नुसतं गप्प बसून काय होतंय, थोडं भजन-प्रार्थना ठेवा. नणंद विचारते, धर्म बदललास काय गं? शिवाय यंदा १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस, नेमका रविवारी आलाय, बैठक ठेवायची की नाही तेही कळेना. सोबत ताईंनी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा नेहमीचा मेसेज जोडलाय. प्रश्न एका ओळीचा आहे: काकांना न दुखावता येऊ नका असं कसं सांगू, की सगळंच बंद करू?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचताना मला हसू आलं, रागावू नका. मुलीच्या बाळंतपणाला मी पाच महिने बर्मिंगहॅमला होते तेव्हा शेजारची एक म्हातारी मला तिच्या क्वेकर मीटिंगला घेऊन गेली होती. गोल मांडलेल्या खुर्च्या, मधे टेबल, टेबलावर फुलदाणी, बास. ना क्रॉस ना मूर्ती ना माईक. सगळे बसलेत. मला वाटलं पाद्री यायचाय अजून, म्हणून वाट बघतायत. अर्धा तास झाला तरी कोणी येईना, कोणाचं तरी पोट मोठ्यांदा गुरगुरलं आणि कोणी हसलंही नाही. मग एक गृहस्थ उठले, त्यांच्या वडिलांच्या हातांबद्दल चार वाक्यं बोलले आणि बसले. परत शांतता. तासाने दोघांनी शेकहँड केला, मग सगळ्यांनी शेजारच्याशी केला, आणि चहा-बिस्किटं. मी म्हातारीला विचारलं, पाद्री आलेच नाहीत? ती म्हणाली, आमच्यात नसतात. त्यानंतर मी चार-पाच वेळा गेले. तेवढ्या अनुभवावर आणि नंतर केलेल्या वाचनावर हे लिहितेय, मी त्यांची मेंबर नाही.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. काकांना कसं थांबवू असं तुम्ही विचारताय. मला विचाराल तर आधीचा प्रश्न वेगळाच आहे, थांबवणं हे काम कोणाचं आहे? तुमच्या बैठकीत ते कोणाचंच नाहीये, म्हणून ते तुमच्या गळ्यात पडलंय. पुजारी नाही म्हणजे काम करणारं कोणी नाही असं धरून चाललात तर गडबड होते. जॉर्ज फॉक्सने १६५२ च्या सुमाराला इंग्लंडच्या उत्तरेला हे सगळं सुरू केलं तेव्हा त्याचं म्हणणं एवढंच होतं की देव आणि माणसामध्ये दलाल नको. पण पाद्री काढला तरी त्याची कामं उरतातच की. म्हणून त्यांनी ती वाटून घेतली. एल्डर म्हणजे मौन नीट राहतंय ना हे बघणारे, वेळ संपली की शेकहँड करून बैठक उठवणारेही तेच. आजारी, दुखावलेल्या, येईनाशा झालेल्या माणसांकडे जाणारे वेगळे. कामकाजाच्या बैठकीला सगळ्यांचं ऐकून काय ठरलं ते लिहिणारा क्लार्क. आणि ही कामं जन्मभराची नसतात, इंग्लंडात साधारण तीन वर्षांनी माणसं बदलतात.

तुमच्याकडे बघा. खोली तुमची, किल्ली तुमच्याकडे, घड्याळाकडे तुम्ही बघता, चहा तुम्ही करता, सतरंजी तुम्ही घालता, मेसेज तुम्ही टाकता. आमच्यात कोणी पुजारी नाही म्हणता, पण अहो घंटा, नैवेद्य आणि किल्ली सगळं तुमच्याकडेच आहे की! अशा वेळी तुम्ही काकांना काही बोललात तर घरच्या मालकिणीने पाहुण्याला घालवलं असंच दिसणार. गोड शब्दात सांगितलंत तरी तेच.

काकांबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण तुमच्या पत्रातही तेच जास्त आहेत. तुम्ही लिहिलंय की बरोब्बर दहा मिनिटांनी उठतात. मी माझ्या वडिलांना विचारलं, तेही मास्तरच. ते म्हणाले, हजेरी घ्यायला दहा मिनिटं लागतात, मग वर्ग शांत झाला की तास सुरू. आता हे गमतीचं झालं पण त्यात थोडं तथ्य आहे. आयुष्यभर ज्या माणसाने शांत बसलेल्या लोकांसमोर उभं राहून बोलायचं हेच काम केलं त्याला दहा माणसं गप्प बसलेली दिसली की ती आपलीच वाट बघतायत असं वाटणार. त्यात काकू गेल्यात. घरात बोलायला कोणी नाही, पोरं पुण्याला किंवा बेंगळुरूला असतील. अख्ख्या आठवड्यात ही एकच खोली अशी आहे जिथे त्यांचं वाक्य कोणी मधे तोडत नाही. तुम्ही मौन म्हणून बसता, त्यांच्यासाठी ते ऐकून घेणं आहे.

तुम्ही म्हणता हल्ली ते काकूंबद्दल बोलत नाहीत, सीमाप्रश्नावर बोलतात. हे कधीपासून झालं याचा विचार केलात का? माझा आपला अंदाज, काकूंबद्दल बोलल्यावर कोणी तरी जांभई दिली असेल किंवा नंतर चहाच्या वेळी कोणी एक अक्षरही विचारलं नसेल. माणूस मग अशा विषयावर जातो ज्यावर आपल्याकडे लोक मान तरी डोलावतात. १९५६ ला ते चार वर्षांचे होते, त्यातलं त्यांना काय आठवणार, ते घरी ऐकलेलं. पण ८६ ला ते चौतिशीत होते आणि मराठी मास्तर होते, कन्नड सक्तीच्या वेळी बेळगावात काय झालं ते त्यांनी डोळ्याने बघितलंय. ते खरंच आहे. प्रश्न ते खरं आहे का हा नाही, ते मौनात दर रविवारी पंचवीस मिनिटं बोलायचं आहे का हा आहे.

क्वेकर मीटिंगमध्ये कोणीही उठून बोलू शकतं हे तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, बरोबरच आहे. पण त्याची दुसरी बाजू सांगितलीत का? तिथे माणूस सुचलं की लगेच उठत नाही. आधी ते मनात धरून बसतो. हे माझं आहे की मला दिलं गेलंय, मला एकट्याला आहे की सगळ्यांना, आत्ता की नंतर. तरी आत ढकलणारं काही राहिलंच तर उठायचं, थोडक्यात बोलायचं, बसायचं, त्या दिवशी परत उठायचं नाही. कोणी उत्तर देत नाही, वाद घालत नाही, आणि पुढचा माणूस उठायच्या आधी बरीच शांतता जाऊ देतो. ब्रिटनच्या क्वेकरांनी आपल्या लोकांसाठी छोटे छोटे ४२ सल्ले लिहून ठेवलेत, त्यात वारंवार आणि ठरलेलं बोलण्यापासून जपा असं आहे, आणि त्याच सल्ल्यांत असंही आहे की दुसऱ्याचं बोलणं तुमच्यासाठी नसेल तरी आणखी कोणासाठी असू शकेल, म्हणून मायेने ऐका. दोन्ही एकत्र. हे माळकरी माणसाला समजावायला तुम्हाला इंग्लंडला जायची गरजच नाही. बोलविता धनी वेगळा आहे हे काका लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलेत. त्यांना त्यांच्याच भाषेत विचारा, काका, हे धन्याने बोलवलं की मास्तरांनी?

हो, आणि घाई करू नका म्हणून एक गोष्ट सांगते. १७३८ साली अमेरिकेत बर्लिंग्टनला क्वेकरांची वार्षिक मीटिंग भरली होती. तेव्हा त्यांच्यातले बरेच जण स्वतः गुलाम बाळगून होते. बेंजामिन ले नावाचा, जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला कुबड असलेला माणूस उठला, अंगावरचा झगा टाकला, आत सैनिकाचा वेष, हातात एक पोकळ केलेलं पुस्तक. त्यात लाल रसाने भरलेला फुगा लपवलेला. गुलाम ठेवणाऱ्यांना देव बघून घेईल असं म्हणून त्याने पुस्तकात तलवार खुपसली आणि रक्तासारखा रस आजूबाजूच्यांच्या अंगावर उडाला. लोकांनी त्याला उचलून बाहेर नेलं. त्याच वर्षी त्याला समाजातून काढूनही टाकलं. पुढे १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक मीटिंगने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सदस्यांवर कारवाई करायचं ठरवलं आणि १७७६ मध्ये गुलाम बाळगायलाच बंदी केली. म्हणजे मौन मोडणारा तो त्रासदायक माणूस बरोबर होता, मीटिंग चूक होती.

काका म्हणजे बेंजामिन ले नाहीत हे मलाही कळतं ओ. ले समोर बसलेल्यांच्या घरातल्या पापाबद्दल बोलत होता, काका समोर बसलेल्या जोडप्याला त्यांनी न केलेल्या गोष्टीचं ओझं देतायत. फरक मोठा आहे. पण तो फरक आहे हे कोणी तरी नीट बसून ऐकल्याशिवाय ठरवू नये, एवढंच.

तर करायचं काय. एल्डरचं काम दोघांना द्या, तुम्ही त्यात नको. माझ्या मते मेथडिस्ट बाई आणि ती कॉलेजची मुलगी. मुलगी का? कारण ती सगळ्यात वैतागलीय आणि तिचं म्हणणं कोणी अजून विचारलेलं नाही, आणि मास्तर लोक विद्यार्थ्याच्या वयाच्या पोरीचं जितकं ऐकतात तितकं बँकवाल्याचं ऐकत नाहीत. दोघींनी मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी काकांच्या घरी जावं, रविवारी बैठकीनंतर जिन्यात नको, फोनवर तर नकोच. बेळगावची मिठाई म्हणून कुंदा घेऊन जाऊ नका, काका लगेच ओळखतील की काही तरी कडू येतंय. आधी काकूंचं विचारा. कशा होत्या, भाकरी कशी करायच्या, शेवटी काय झालं. तासभर गेला तरी जाऊ दे. मग सरळ सांगायचं, "काका, तुम्ही उठलात की आमचं मौन संपतं. आम्हाला तुम्ही हवे आहात आणि मौनही हवंय. महिन्यातून एखाद्या वेळी, अगदीच राहवेना तर उठा, दोन-तीन मिनिटं बोला आणि बसा." लोक म्हणतात, काही जणांना वाटतं, असलं काही बोलायचं नाही. आम्हाला वाटतं म्हणा. कन्नड जोडप्याचं नाव तर चुकूनही काढू नका, नाहीतर त्यांच्यामुळे मला गप्प केलं हा समज आयुष्यभर राहील आणि तुमच्या माडीवर सीमाप्रश्नाची शाखा सुरू होईल.

त्याच भेटीत पुढचंही सांगून ठेवा. तुम्ही पाच मिनिटांच्या वर गेलात तर आमच्यापैकी एक जण शांतपणे उठून उभी राहील, ती खूण समजा. तरीही थांबला नाहीत तर हळू आवाजात थँक्यू काका, आता आपण हे शांततेत घेऊ, असं म्हणेल. आधी माहीत असेल तर त्यात अपमान वाटत नाही, चारचौघात अचानक झालं तर वाटतो. आणि काकांना गप्प ठेवायला म्हणून काही तरी काम चिकटवू नका, चपला लावा, फुलं आणा वगैरे. वर्गातल्या दंगेखोर पोराला मॉनिटर करायची युक्ती त्यांनी स्वतः शेकडो वेळा केली असणार.

बोलायचं राहून गेलेलं असतं त्याचं काय, तर बऱ्याच क्वेकर मीटिंगांमध्ये शेकहँड झाल्यावर थोडा वेळ ठेवतात, मौनात जे ओठावर आलं पण उठून बोलण्याइतकं नव्हतं ते तेव्हा सांगायचं. तुमच्याकडे चहाच्या आधी पंधरा मिनिटं ठेवा. काकांची अर्धी वाफ तिथे जाईल. बाकीचे लोकही बोलतील बघा, दोन वर्षांत त्या मुलीने मौनात एकदाही तोंड उघडलेलं नाही असं तुम्हीच लिहिलंय.

बँकवाल्यांच्या मताच्या आयडियाबद्दल एका वाक्यात, नको. दहा माणसांत सात विरुद्ध तीन झालं की तीन जणांची पार्टी तयार होते, आणि बेळगावात पार्ट्या काय कमी आहेत? क्वेकर कामकाजात मतच घेत नाहीत. एक जण क्लार्क म्हणून बसतो, सगळ्यांचं ऐकतो, मधे मधे शांतता ठेवतो, आणि काय ठरतंय असं वाटलं की तिथल्या तिथे चार ओळी लिहून वाचून दाखवतो. हे असंच आहे का? नसेल तर शब्द बदलतात, परत वाचतात. एखाद्याला पटलं नसेल पण अडवायचंही नसेल तर मी बाजूला राहतो असं सांगतो. सगळ्यांचं एकमत झालं पाहिजे असं नाही, सगळ्यांना मिळून काय उमगतंय ते शोधायचं. वेळ लागतो, कधी कधी वैताग येण्याइतका लागतो. बँकवाल्यांनाच क्लार्क करा, लिहायची सवय असेल त्यांना.

भजनाच्या बाबतीत तुम्ही लिहिलंय की क्वेकर म्हणजे मौन, भजन घातलं की ते क्वेकर राहणारच नाही. हे जरा तपासून बघा. जगात सगळ्यात जास्त क्वेकर केनियात आहेत आणि त्यांच्याकडे पास्टर असतात, प्रवचन असतं, दणदणीत गाणी असतात. तेव्हा गाणं नको म्हणायचं तर ते तुमच्या बैठकीला झेपणार नाही म्हणून नको म्हणा, क्वेकर नाही म्हणून नको. मला स्वतःला मौनाच्या मधे टाळ नको वाटतो, दोन्हीचा जीव जातो. साडेनऊनंतर, चहाच्या आधी, कोणाला वाटलं तर एक अभंग किंवा एक चर्चमधलं गीत. काका सुरात असतील तर त्यांनाच म्हणू द्या.

आता जोडलेला मेसेज. "उद्या सकाळी ८.३० वाजता मौन बैठक, सर्वांनी वेळेवर यावे." दोन वर्षं हाच, आणि दोन वर्षं नुसता मराठीत. त्या जोडप्याला मराठी कळतं हो, बेळगावात कोणाला कळत नाही. पण तुम्हालाही कन्नड कळतं, मग एक ओळ कन्नडमध्ये का नाही? दुकानाच्या पाटीवरून इथे काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. काका बोलले म्हणून ते गेले असं तुम्ही धरलंय. कदाचित काकांच्या आधीपासूनच त्यांना ही खोली मराठी वाटत असेल आणि काकांनी फक्त शेवटची काडी टाकली असेल. त्यांच्याकडे तुम्ही स्वतः जा, कारण इथे मालकीण म्हणूनच जायचंय. परत या असं म्हणू नका, काका मनाने चांगले आहेत अशी वकिलीही नको. आम्हाला काय दिसलं नाही ते सांगा, एवढंच विचारा आणि गप्प बसा, गप्प बसायची तुम्हाला प्रॅक्टिस आहेच. बैठकीत जो बोलेल तो आपल्या भाषेत बोलेल आणि तिथल्या तिथे भाषांतर करायचं नाही, हे सगळ्यांना सांगून टाका. नाही कळलं तर चहाच्या वेळी विचारावं.

नणंदेला सांगा की मौनाला बसायला तिथे कोणी काही कबूल करून घेत नाही, बाप्तिस्मा वगैरे नसतो, मेंबर होणं ही वेगळी, अर्ज करून करायची गोष्ट आहे. पण हेही लपवू नका की ही परंपरा ख्रिस्ती मुळातून आलीय. अर्धवट सांगितलं की लोक उरलेलं स्वतः भरतात. आणि तुमची बैठक कुठल्या क्वेकर संस्थेशी जोडलेली नाही, तेव्हा ती क्वेकर पद्धतीवरून घेतलेली मौन बैठक आहे असंच म्हणा. नणंदेला इतिहास आवडत असेल तर सांगा की मार्जरी साइक्स नावाच्या क्वेकर बाई आपल्या सेवाग्रामला नई तालीमचं, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचं काम करत होत्या, गांधीजी १९३१ मध्ये बर्मिंगहॅमच्या वुडब्रुक या क्वेकर केंद्रात राहून आले होते, आणि सोमवारी मौन पाळणारे तेच गांधीजी १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून तुमच्या टिळकवाडीतच होते. तरी ती विचारेलच म्हणा, नणंदा विचारतातच.

खानापूरहून एका हरिपाठ मंडळाचं आणि निपाणीहून एका वाचन गटाचं असंच पत्र मध्यंतरी आलं होतं, एकच माणूस बोलतो आणि बाकीचे हळूहळू यायचे बंद होतात. त्यांनाही हेच सांगेन, आधी बघा की सुरू करणाऱ्या माणसाच्या हातात किती गोष्टी आहेत. तुम्ही ताई उद्यापासून दोन गोष्टी सोडा, घड्याळ आणि चहा. चहा कोणी तरी बिघडवेल, पिऊन टाका. सहा महिन्यांतून एखादी बैठक दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ दे. रेल्वे गेटजवळ असलं तरी चालेल, गाडी गेली की शांतता आणखी गडद होते.

राहिला १ नोव्हेंबर. एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे काळा दिवस, रस्ते बंद, अर्ध्या लोकांना माडीपर्यंत पोचताच येणार नाही. काका काळी पट्टी लावून जाणार असतील, त्या जोडप्याच्या घरी लाल-पिवळा झेंडा असेल. तुम्ही मला विचारलंत ठेवू की नको. मी सांगणार नाही आणि तुम्हीही ठरवू नका. बँकवाल्यांना क्लार्क केलंत तर त्यांच्यासमोरचा पहिला विषय हाच ठेवा, ऑक्टोबरच्या मधल्या रविवारी, काका आणि ते दोघं आले तर तिघांसमोर. त्या चार ओळी वाचून दाखवल्यावर काय झालं ते मला कळवा.